अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्ग शहराच्या जुन्या रणभूमीवर रस्त्याकडेच्या पाट्यांवर काही ठिकाणी निळी, काही ठिकाणी लाल अक्षरं का असतात?

निळी अक्षरं युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या फौजेची. लाल अक्षरं दक्षिणेच्या कॉन्फेडरेट फौजेची. अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६३ च्या वेढ्यात कोणती तुकडी कुठे होती, हे या लोखंडी पाट्या सांगतात.

नुसत्या वाचून पुढे जाऊ नका. निळ्या पाटीपाशी उभं राहून समोरची लाल पाटी शोधा. काही ठिकाणी ती इतकी जवळ आहे की अंगावर काटा येतो. मे महिन्यात १९ आणि २२ तारखेचे हल्ले फसल्यावर उत्तरेच्या जनरल ग्रँटने शहराची रसद तोडली आणि खंदक पुढे पुढे सरकवत नेले. तोफांच्या माऱ्यातून वाचायला गावकऱ्यांनी टेकड्यांच्या मऊ पिवळ्या मातीत गुहा खोदल्या आणि बायकापोरांसह तिथेच राहिले. अन्न संपत आलं तेव्हा खेचराचं मांस खाल्लं. कागद संपला म्हणून स्थानिक वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या वॉलपेपरच्या मागच्या बाजूवर छापलं! शेवटी ४ जुलैला दक्षिणेच्या जनरल पेम्बर्टनने शरणागती पत्करली, आणि काही दिवसांतच मिसिसिपी नदी पूर्णपणे उत्तरेच्या ताब्यात गेली.

गावकऱ्यांच्या हालांबद्दल मात्र या पाट्या फारसं बोलत नाहीत, मला ते खटकतं. त्यासाठी शहरातलं जुन्या कोर्टाच्या इमारतीतलं संग्रहालय जरूर बघा.