घरातल्या कपडे धुण्याच्या छोट्या खोलीची मांडणी कशी करावी?

शेल्फ किती अन् बास्केट कोणत्या हे तुम्ही विचारलंय, पण ५ बाय ७ फुटांच्या त्या खोलीत कपडे वाळणार कुठे, याचा प्रश्नात पत्ताच नाही. धुते तर मशीन. मांडणी वाळवण्यावरून ठरवायची असते. त्यातून तुम्ही नागपूरचे. इथे मे महिन्यात (२०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आठवत असेल) गच्चीवर दुसरी चादर टाकेपर्यंत पहिलीचा पापड होतो, आणि जुलैत तीच चादर दोन-दोन दिवस ओली राहून कुबट वास मारते. खोली लागते ती या जुलैसाठी.

बेसा भागात घर बांधलं तेव्हा मी नकाशातच मागची खोली धुण्यासाठी राखून ठेवली होती. माझे भासरे (नवऱ्याचे मोठे भाऊ) नकाशा पाहून म्हणाले, "धुण्याला अख्खी खोली? मग कूलर कुठे ठेवाल?" नागपूरच्या घरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही हे मान्य. पत्र्याचे मोठे कूलर, त्यांचे स्टँड, खसच्या ताट्या, पंप, पाइप हे सगळं पाऊस लागला की होळीपर्यंत कुठेतरी कोंबावं लागतं. वास्तुशांत झाली आणि त्याच जूनमध्ये सगळे कूलर माझ्या खोलीत आले. मला कोणी विचारलंही नाही. मशीन मागे, कूलर पुढे. आमच्याकडे बोअरचं पाणी, जड. नळाकडून मशीनमध्ये पाणी येतं तिथली बारीक जाळी क्षाराने चोंदली आणि मशीन पाणीच घेईना. मेकॅनिक आला, दारातूनच आत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आधी हे कूलर काढा, मग फोन करा." भासरे तिथेच बसले होते. त्यांनी त्याला चहा पाजला आणि खोली वायव्येला असती तर मशीन बिघडलीच नसती, हे समजावून सांगितलं. त्या संध्याकाळी मी माणसं लावून सगळे कूलर जिन्याखाली हलवले आणि तिथे पत्र्याचं दार बसवून घेतलं. दर जूनला ते विचारतात, "कूलर भिजले तर?" अजून एकही भिजला नाही.

तर मशीन भिंतीला चिकटवू नका, मागे हात गेला पाहिजे. नळही हाताला येईल असा घ्या, कारण ती जाळी अधूनमधून धुवावीच लागते. फ्रंट लोड असेल तर आत हीटर असतो, त्यामुळे १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा. आणि बोअरच्या पाण्यात हीटरवर पांढरा थर बसतो, डिस्केलिंग पावडर घरात ठेवाच. सांडपाण्याचा पाइप जमिनीवर लोळत ठेवला तर भरलेलं पाणी तसंच वाहून जातं, दोन फूट तरी वर अडकवा. फरशी लावणारा गावी जायच्या आत बादलीभर पाणी ओतून पाहा, सांडपाण्याच्या जाळीकडे जातं की दाराकडे. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एका फळीवर नको. दोन्ही एकत्र सांडले तर विषारी वायू होतो.

वाळवण्यासाठी छताला दोरीने वर-खाली होणाऱ्या दांड्या लावा, भिंतीवरचे घडीचे स्टँड रस्ता अडवतात. पावसाळ्यात माझ्याकडे खिडकीपाशी लहान प्लॅस्टिकचा कूलर असतो. ताट्या काढलेला, पाणी न भरलेला, नुसता पंखा म्हणून. खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर दमट हवाच फिरत राहते. जाड जीन्स सोडली तर रात्रीतून सगळं वाळतं. भासऱ्यांनी हे पाहिलं तेव्हा म्हणाले, "शेवटी कूलर आलाच ना त्या खोलीत!" हो, आला. पण कामाला आला, मुक्कामाला नाही.

बास्केटचं म्हणाल तर भोकांच्या घ्या, कोणत्याही. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी मात्र वेगळी. प्रेसवाल्याच्या कपड्यांची पिशवी दाराच्या खुंटीला. शेल्फची उंची जी व्यक्ती रोज धुणं करते तिच्या हातावरून ठरवा, सुताराच्या नाही. घरी बाई येत असेल तर तिलाच विचारा.

हे सगळं खिडकी असलेल्या खोलीचं झालं. फ्लॅटमधल्या बिनखिडकीच्या कोंदट जागेत कपडे वाळवायच्या भानगडीत पडू नका, भिंतीला बुरशी येईल. तिथे फक्त धुवा आणि गॅलरीत वाळवा. घर भाड्याचं असेल तर छताला भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा.

आणि बांधकाम अजून चालू असेल तर दार सव्वादोन फुटांचं ठेवा. मशीन आत जाते. पत्र्याचा मोठा कूलर जात नाही.