क्लास न लावता स्वतःचे कपडे घरी शिवायला शिकता येतात का? मशीन आहे, सुरुवात कशापासून करू?

येतात. मी अशीच शिकले. फक्त एक आधीच सांगते, कपडा शिवण्यात मशीनवर जाणारा वेळ सगळ्यात कमी असतो. मापं घ्या, कापड धुवा, इस्त्री करा, आखा, बेता, टाचा आणि मग चुकलेलं उसवा, यातच दिवस जातो. उसवायचा कंटाळा असेल तर हा छंद झेपणार नाही.

पहिला कपडा म्हणून पायजमा घ्या. बाही नाही, गळा नाही, काजं नाहीत, कमरेला इलॅस्टिक. अंगाला नीट बसणारा पण विटलेला एखादा पायजमा असेल तर तो सरळ उसवा, नेफ्याच्या (कमरेला इलॅस्टिक जातं त्या दुमडीच्या) आणि पायाच्या घड्या इस्त्रीने उलगडा आणि तुकडे कागदावर ठेवून आखा. या तुकड्यांत शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड, आधीच आलेली असते, वर आणखी सोडू नका. न उसवता नुसता घडी घालून आखणार असाल तर मात्र कडेने दीड सेंटीमीटर माया सोडा, नेफ्याला आणि खालच्या दुमडीला वेगळी.

आखताना पुढचा आणि मागचा तुकडा वेगळा का दिसतो याकडे लक्ष द्या. मागचं आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या मधल्या जोडापर्यंतचा भाग, लांब असतं, कारण बसल्यावर तिथेच कापड लागतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी चारही तुकडे सारखे कापले, तेही मोठ्या टापटिपीने. उभं राहिलं की पायजमा छान दिसायचा, खाली बसलं की मागून घसरायचा.

कापड साधं सुती घ्या. सॅटिन, जॉर्जेट बघायला कितीही छान असलं तरी कात्रीखाली पळतं. बेतण्याआधी ते एकदा धुवाच. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं, म्हणजे 100 सेंटीमीटर लांबीचा पायजमा तीन ते पाच सेंटीमीटरने आखूड. आणि तुकडा ठेवताना त्याची मधली रेष कापडाच्या काठाला समांतर हवी. कापड वाचवायला जरासा तिरका ठेवलात तर पाय धुतल्यावर पिळवटतो, मग कितीही इस्त्री फिरवा.

आता मशीन. सुतीसाठी 14 नंबरची सुई आणि अडीच मिलिमीटरचा टाका बहुतेक वेळा पुरतो. ताणलं जाणारं होजिअरी कापड असेल तर बॉलपॉइंट सुई लागते, साध्या सुईने टाके सुटतात.

नवशिक्यांना रडवणारी गोष्ट म्हणजे कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला, दोष देतात. मीही आठवडाभर बॉबिन काढत-घालत होते. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. मशीनच्या सुईचं नेढं टोकापाशी असतं, ती वरचा दोरा खाली नेते आणि तिथे तो बॉबिनच्या दोऱ्यात अडकतो. 1846 साली एलियास हाऊ या अमेरिकन संशोधकाने पेटंट घेतलेल्या मशीनचा टाकाही असाच दोन दोऱ्यांचा होता. वरच्या दोऱ्याला ताण नसेल तर तो खाली सैल उतरतच राहतो. म्हणून दोरा ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचललेला ठेवा, म्हणजे टेन्शनच्या, अर्थात दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली असेल तर तो चकत्यांच्या बाहेरूनच जातो.

दोन पायजमे झाले की बिनबाह्यांचा टॉप करा, तोही आधी जुन्या चादरीचा. चादरीवर कात्री चालवताना हात थरथरत नाही. बाही त्यानंतर. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडली जाणारी गोलाई, पुढच्या बाजूला जास्त खोल असतो, त्यामुळे उजवी आणि डावी बाही एकमेकींच्या उलट असतात. कापड दुहेरी घालून कापलं की हे आपोआप जमतं. मी मात्र छापील कापड एकेरी अंथरलं आणि कागद न उलटता दोनदा आखलं. दोन्ही बाह्या डाव्या. कापड संपलेलं. त्या बाह्यांमधून नंतर दोन खिसे तेवढे निघाले.