वरचा सूर लागत नाही, कराओकेत काय गाऊ?

प्रश्न: ताई, मी 24 वर्षांचा, टोकियोत नोकरीला आहे. ऑफिसमधली मुलं सारखी कराओकेला ओढून नेतात, मागच्या वेळी ‘प्रिटेंडर’ घेतलं आणि कोरसला आवाज असा चिरकला की सगळे हसत सुटले. एखादं सोपं जपानी गाणं सांगा ना.

उत्तर: अरे, ते 2019 चं गाणं ऐकायला गोड पण गायला महाकठीण, तिथे भलेभले आपटतात. सोपं म्हणजे कसं, सूर फार वर जायला नको आणि शब्द भराभर यायला नकोत. क्यू साकामोतोचं 1961 चं ‘उए ओ मुइते आरुको’ घे, चाल साधी, शब्द मोकळे, मध्ये शीळ आहे तिथे जरा दम खायला मिळतो (शीळ येत नसेल तर नुसतं हसून वेळ मारून ने). सगळे फुल मूडमध्ये असतील तर ब्लू हार्ट्स या रॉक बँडचं ‘लिंदा लिंदा’, 1987 चं, सुरुवात हळू आणि मग नुसता आरडाओरडा, तिथे बेसूर कोण बघतंय, अख्खी खोलीच ओरडत असते.

आणि गाण्याची की (म्हणजे पट्टी) बदलायला लाजू नकोस रे! मशीनवर त्याचं बटण असतं, दोन-तीन पायऱ्या खाली आण. फार खाली नेलंस तर मात्र सुरुवातीच्या ओळी घशातच अडकतात, म्हणून घरीच सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची ओळ गाऊन बघ. कांजी, म्हणजे चिनी वळणाचं अक्षर, अडली तर स्क्रीनवर तिच्या डोक्यावर बारीक हिरागाना, म्हणजे उच्चार सांगणारी सोपी जपानी अक्षरं, असतातच.