पाऊचवाला म्हणतो "शंभर टक्के रिसायकल होणारं मटेरियल आलंय", शेंगदाणा चटणीसाठी घ्यावं का?

मी सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पाऊचच्या धंद्यात सतरा वर्षं झाली, आधी दुसऱ्याच्या स्लिटिंग मशीनवर कामाला होतो आणि आता स्वतःचं छोटं पाऊच मेकिंग आहे, त्यामुळे मी काही तटस्थ माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो. तुमचा प्रश्न असा की शेंगदाणा चटणी पॅक करून इथं गावात आणि पुण्या-मुंबईला विकता, सप्लायर म्हणतोय पाऊचची फिल्म बनवणाऱ्या कंपनीनं 'मोनो मटेरियल', म्हणजे सगळे थर एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे, काढलंय, पूर्ण रिसायकल होतं, दर मात्र जास्त, तर हे खरं का नुसती मार्केटिंगवाल्यांची भाषा.

खरं आहे हो, पण सगळ्या चटणीला चालणारं नाही.

आधी दुधाची पिशवी बघा. आपल्या घरात आई-आजी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या आणि भंगारवाला किलोवर घेऊन जायचा, अजूनही घेतो. तोच भंगारवाला वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला हात लावत नाही. कारण काय तर दुधाची पिशवी म्हणजे नुसतं पॉलिथिन (आम्ही पॉली म्हणतो), वितळवलं की सरळ दाणा, म्हणजे नवा माल बनवायला लागणारा प्लॅस्टिकचा दाणा. आणि तुमचा आत्ताचा पाऊच बहुतेक असा असणार: बाहेर 12 मायक्रॉन पॉलिस्टर, त्याला आतून छपाई, मधे 12 मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा बारीक मुलामा दिलेलं, पॉलिस्टर, सगळ्यात आत पॉली, आणि तिन्ही थर गोंदानं असे चिकटवलेले की देव आला तरी सुटणार नाहीत. पॉली वितळतं 105 ते 130 डिग्रीला, पॉलिस्टर वितळतं 250च्या पुढं. दाण्याचं मशीन चालतं 180-200 वर, म्हणजे पॉली वितळून वाहतं आणि पॉलिस्टर तसंच कच्चं राहून जाळीत बसतं, जाळी चोक, मशीन बंद, दाणेवाला शिव्या घालतो. म्हणून हा माल सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातो नाहीतर कचरा डेपोत पडतो, दाण्याला कोणी घेत नाही.

आता फिल्म कंपन्यांनी केलंय काय ते ऐका, कारण इथं खरंच काम झालंय. अडचण अशी होती की साधं पॉली लुसलुशीत असतं, छपाईला लावलं की ताणलं जातं आणि एक रंग इकडं एक तिकडं, फोटोतला शेंगदाणा दोन-दोन दिसतो. म्हणून बाहेरचा थर पॉलिस्टरचा ठेवायला लागायचा. यांनी पॉली बनवतानाच ते गरम करून ओढायचं तंत्र बसवलं, एका दिशेनं ओढलं तर एमडीओ आणि दोन्ही दिशेनं ओढलं तर बीओपीई. ओढल्यावर ते कडक होतं, पारदर्शक होतं, छपाई धरतं. आपल्या गावात सांगायचं तर सूत तसंच मागावर चढवलं की तुटतं म्हणून आधी सायझिंग करतात ना, त्यातलाच प्रकार समजा, फक्त इथं खळ नाही, नुसता ताण. म्हणजे बाहेर ओढलेलं पॉली, आत सील होणारं पॉली, घराणं एकच. हवा अडवायला मधे ईव्हीओएच नावाचा बारीक थर घालतात, आणि युरोपातल्या रिसायकलवाल्यांच्या गाईडलाईनमधे तो एकूण वजनाच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय, त्याच्या वर गेला की परत दाणा खराब.

हे होऊ शकतं याचा पुरावा तुमच्या बाथरूममधे आहे. टूथपेस्टच्या ट्यूबमधे आधी ॲल्युमिनियमचा पत्रा असायचा म्हणून ती रिसायकल होत नव्हती. कोलगेटनं पाचेक वर्षं घालवून 2019 मधे एचडीपीईची, म्हणजे पॉलीच्याच कडक जातीची, ट्यूब आणली, वेगवेगळ्या ग्रेडचं एचडीपीई थरावर थर देऊन, म्हणजे दाबली तर दबेल आणि तरी बाटलीच्या भंगारात जाईल अशी, आणि वर ते तंत्र दुसऱ्या कंपन्यांनाही खुलं केलं. पण ट्यूब जाड असते, आणि पेस्टमधे चटणीसारखं तेल नसतं. पातळ पाऊचचं प्रकरण त्याहून अवघड आहे, इतकं की युनिलिव्हरसारख्या कंपनीनं 2024 मधे लवचिक पॅकिंग रिसायकल किंवा पुन्हा वापरता येईल असं करायची मुदत 2035 पर्यंत ढकलली, आधी सगळंच 2025 ला करू म्हणत होते. तेव्हा तुमच्या सप्लायरनं कॅटलॉग दाखवत "सगळं सुटलंय साहेब" म्हटलं तर चहा पाजा आणि सोडून द्या.

चटणीचं सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलंय. मागच्या उन्हाळ्यात एका चटणीवाल्या काकूंसाठी मी मोनो पाऊचचा ट्रायल रोल लावला. पहिला तास नुसता सीलमधेच गेला. पॉलिस्टर बाहेर असताना ऑपरेटर जॉ, म्हणजे सील दाबणारे गरम जबडे, बिनधास्त 160 वर ठेवतो, पॉलिस्टरला काही होत नाही. इथं बाहेरही पॉलीच, तर जॉलाच चिकटायला लागलं, कमी केलं तर सील उघडं, म्हणजे मधली पाच-सात डिग्रीची फट पकडून बसायचं, स्पीड कमी करायचा, जॉवर टेफ्लॉन नवीन लावायचं. माझा ऑपरेटर म्हणाला मालक हे मशीन आहे का बाळ. त्यात आपली चटणी म्हणजे उखळात कुटलेली तेलकट पूड, भरताना तिची धूळ उडून सीलच्या जागी बसते. पण गंमत म्हणजे एवढ्यापुरता नवीन पाऊच जुन्यापेक्षा बरा निघाला, आतलं पॉली मऊ ग्रेडचं होतं, पूड असली तरी सील धरलं.

खरी गोष्ट दोन महिन्यांनी कळली. शेंगदाण्यात निम्मं तेल असतं आणि तेलाला हवा लागली की ते खवट होतं, ऊन असेल तर अजून लवकर, आणि आपल्या गावात मे महिन्यात दुपारी पारा 42-43 पर्यंत जातो, दुकानाच्या पत्र्याखाली तर विचारू नका. फिल्ममधून हवा आत यायचा वेग पण उष्णतेनं वाढतो. सप्लायरच्या कागदावर ओटीआर, म्हणजे दिवसाला किती ऑक्सिजन आत जातो तो आकडा, 23 डिग्रीला मोजलेला होता. 23 डिग्री सोलापुरात कधी असतं ओ, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी असेल. जुन्या मेटलाइज्ड पाऊचमधली चटणी बरी होती आणि नव्यातली जिभेवर कडवट लागायला लागली होती. काकूंनी दोन्ही वास घेऊन बघितले आणि काही न बोलता नवे पाऊच बाजूला सारले. त्या रोलमधे ईव्हीओएच होतंच का नुसतं पॉलीवर पॉली होतं हे मी आधी विचारलं नव्हतं, चूक माझीच. नंतर विचारलं तर नव्हतं.

म्हणून तुम्ही दर विचारायच्या आधी स्ट्रक्चर लिहून मागा, थरागणिक मायक्रॉनसकट, आणि ओटीआर कुठल्या तापमानाला मोजलाय ते. शाई कुठली हेही विचारा, नायट्रोसेल्युलोजवाली शाई असेल तर परत वितळवताना ती जळून दाण्याला पिवळेपणा आणि वास येतो, मग एकच घराणं असूनही दाणेवाला नाक मुरडतो. पाऊचवर त्रिकोणात 4 असेल तर एलडी, म्हणजे मऊ पॉली, 7 असेल तर 'इतर', म्हणजे मिसळ. आणि घरी टेस्ट करायची असेल तर पाऊचचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात साबणाचा थेंब टाकून दाबून बुडवा. पॉली पाण्यापेक्षा हलकं, वर येतं, पॉलिस्टरवाला पाऊच बहुतेक खाली बसतो. फक्त पीपी (पॉलिप्रॉपिलीन, दुसऱ्या जातीचं प्लॅस्टिक) आणि पॉली मिसळलेलं असेल तरी ते तरंगतं, तेव्हा तरंगलं म्हणजे मोनोच असं डोक्यात घेऊ नका.

ब्राउन पेपरच्या गावरान दिसणाऱ्या पाऊचबद्दल पण लोक विचारतात. आत प्लॅस्टिक किंवा मेटलाइज्ड असतंच, कागदवाला घेत नाही आणि दाणेवालाही घेत नाही. ते सोडा.

कायद्याचं थोडक्यात. फेब्रुवारी 2022 च्या ईपीआर नियमात (म्हणजे माल विकणाऱ्यानंच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची) ब्रँड मालकांना प्लॅस्टिक गोळा करायची टार्गेट आहेत, पण सूक्ष्म आणि लघु उद्योग असलेल्या ब्रँड मालकाला त्यातून सूट आहे, तुम्ही बहुतेक त्यातच बसता. मला यातली एक गोष्ट खटकते, त्या नियमात एकाच थराचं पॉली आणि वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर चिकटवलेलं लॅमिनेट दोन्ही एकाच कॅटेगरीत, दुसऱ्या नंबरच्या, टाकलंय. मग जास्त पैसे देऊन मोनो घेणाऱ्याला सरकारकडून वेगळं काय मिळालं, काही नाही. पण पाऊचवर मोठ्या अक्षरात '100% रिसायकलेबल' छापायची घाई करू नका, ऑक्टोबर 2024 पासून ग्राहक प्राधिकरणाच्या ग्रीनवॉशिंगच्या, म्हणजे पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांवरच्या, गाईडलाईन आहेत, असा दावा केला तर तो पाऊचचा का मालाचा हे लिहायला लागतं आणि पुरावा जवळ ठेवायला लागतो.

माझ्या हिशोबानं तुम्ही माल दोन भागात करा. नवी पेठेत, स्टेशनजवळच्या दुकानात जाणारी छोटी पाकिटं महिनाभरात संपतात, ती मोनोमधे घ्या, त्यातही ईव्हीओएचवालं, उन्हाळा सोडून सुरू करा. पुणे-मुंबईच्या दुकानात तीन-चार महिने पडणारा माल अजून जुन्यातच ठेवा, खवट होऊन फेकलेली चटणी म्हणजे पाऊचपण गेला आणि शेंगदाणेपण गेले. छपाईचे सिलेंडर नवीन करावे लागतील का ते छपाईवाल्याला विचारा, फिल्म बदलली की पाऊचचा साईज थोडा इकडंतिकडं होतो आणि जुन्या सिलेंडरवर डिझाईन कापलं जातं, तो खर्च कोटेशनमधे कोणी लिहीत नाही.

आणि पन्नासेक रिकामे पाऊच आधी आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याला दाखवा. आमच्या इथल्या चाचांनी मोनोवाला बोटांनी चुरगाळला, कानाशी नेऊन आवाज ऐकला, दातानं ओढून बघितला आणि दुधाच्या पिशव्यांच्या पोत्यात टाकला. मेटलाइज्ड होता तो परत माझ्या हातात दिला.