नोकरी सांभाळून लिहिणारे लिहितात तरी कधी?

प्रश्न: मी बँकेत आहे, बऱ्याच वर्षांपासून कथा लिहितोय. एका प्रकाशकाने पॅकेज पाठवलंय, पैसे भरा आणि पुस्तक घ्या असं. त्यापेक्षा स्वतःच छापू का? आणि या स्वतंत्र लेखकांना प्रेरणा येते कुठून, मला तर संध्याकाळी घरी आलं की काहीच सुचत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर: संध्याकाळी सुचत नाही ते सोडा हो, दिवसभर बँकेच्या काउंटरवर जे बघता ते कुठे जातं? मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिणारे कवी अरुण कोलटकर घ्या. पोटापाण्याला जाहिरातीचं काम, त्यात चांगलं नाव असलेला माणूस, आणि मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इन या हॉटेलात वर्षानुवर्षं बसून बाहेर बघायचा. काय बघायचा, तर भटकी कुत्री, कचरा गोळा करणाऱ्या बायका, फुटपाथवर सकाळी इडली खाणारे लोक. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी कवितासंग्रह झाला, तोही २००४ साली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी. जेजुरीला ते साठच्या दशकात गेले होते, भाऊ आणि एक मित्र बरोबर, आणि 'जेजुरी' या इंग्रजी कविता पुस्तकरूपात आल्या १९७६ मध्ये! आता सांगा, प्रेरणा कधी आली म्हणायची?

आणि छापलं कोणी? 'जेजुरी' काढलं क्लिअरिंग हाउसने, म्हणजे कोलटकर धरून चार कवींनी मिळून चालवलेलं प्रकाशन. मराठी कविता १९७७ मध्ये अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढल्या, शहाणे म्हणजे साठच्या दशकात 'असो' नावाचं अनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारं छोटं मासिक काढणारे, कोलटकरांचे जवळचे मित्र. त्यानंतर मराठी संग्रह थेट २००३ मध्ये, 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही'. मधे पाव शतक गेलं. मोठ्या प्रकाशकाच्या दारात असं कोण थांबू देतं? माझ्या मते स्वतंत्र असण्याचा खरा फायदा हाच, कुणी घाई करत नाही. रॉयल्टीचं गणित नंतर.

पॅकेजचं विचाराल तर माझं मत, घेऊ नका. पैसे तुमचे, गठ्ठे तुमच्याच घरी, आणि विकायचं पण तुम्हीच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो, त्यामुळे कुणी त्याचे वेगळे पैसे लावले तर तिथेच सावध व्हा. किंडलवर मराठी ई-बुक स्वतःचं स्वतः टाकता येतं, छापायचंच असेल तर प्रिंट ऑन डिमांडने, म्हणजे मागणीपुरत्याच छापून, थोड्याच प्रती काढा, नातेवाईक किती घेतील याचा अंदाज तुम्हाला असेलच.

पैसे घालायचेच असतील तर मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईच्या चुका तपासण्यात घाला. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करणार, बरेच डीटीपीवाले, म्हणजे पानं लावणारे, अजूनही युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये लावतात, त्या कन्व्हर्जनमध्ये रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या'मधला अर्धा र तुटतो, आणि हे स्क्रीनवर पटकन लक्षात येत नाही बरं का, कागदावर आल्यावर दिसतं. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच मागा, आणि ते तुम्ही वाचू नका, तुम्हाला कथा पाठ असते, त्यामुळे डोळा चुका गाळून पुढे जातो. ज्याने कथा आधी वाचलेली नाही अशा कुणाला तरी द्या, जमलं तर तुमच्याशी भांडणाऱ्या मित्राला.