वाळूत खेळणाऱ्यांचे चेहरे काळे का येतात?

प्रश्न : मुलगा रविवारी सकाळी जुहूला बीच फुटबॉल खेळतो. माझ्या फोटोत वाळू मळकट करडी आणि मुलांचे चेहरे काळे येतात. कॅमेऱ्यात बिघाड आहे का?

बिघाड नाही, कॅमेरा फसतोय. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, असं धरूनच त्याचं मीटर चालतं. चकाकणारी वाळू आणि मागचा समुद्र फ्रेमभर पसरला की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो अंधारा करतो. त्यात सावळा चेहरा आणखी बुडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा अंधारा करायची सोय) +१ वर नेऊन बघा. वाळू थोडी पांढरी पडली तरी चालेल, चेहरा जाता कामा नये. वाळू बघायला कोणी फोटो उघडत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे. स्वच्छ ऊन असलं की दोन-तीन तास उजेड फारसा हलत नाही. फिल्मच्या काळातला आडाखा आजही चालतो : भर उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६ असेल तर शटरचा आकडा आयएसओएवढा (आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते). म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद, आणि अ‍ॅपर्चर एफ ४ पर्यंत उघडलं तर १/१६००. तिथून सुरुवात करा. स्क्रीन उन्हात दिसत नाही, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा.

आणि खाली बसा. खेळाडूची नजर चेंडूवर, म्हणजे खाली असते. उभ्याने काढलं तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. गुडघ्यांवर बसलात की वाळूवरून उसळलेला पिवळसर उजेड हनुवटीखाली, पापण्यांखाली पोचलेला दिसतो. रिफ्लेक्टर विकत घेऊन जो उजेड मिळवायचा, तो इथे पायाखाली पसरलेला आहे.

प्रश्न : व्हॉलीबॉलमध्ये डाइव्ह मारल्यावर उडणारी वाळू फोटोत दिसतच नाही. शटर वाढवू का?

शटर १/२००० ठेवा, पण खरी अडचण जागेची आहे. वाळूचे कण दिसायला उजेड त्यांच्या मागून यावा लागतो आणि पार्श्वभूमी गडद असावी लागते. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो. समोर नुसतं लखलखणारं पाणी, त्यात कण विरून जातात. म्हणून सकाळी जा. सूर्य इमारतींच्या वर आला की पाण्याच्या बाजूला उभं राहून शहराकडे तोंड करा. इमारतींची समुद्राकडची बाजू आणि नारळाची झाडं अजून सावलीत असतात. खेळाडू आडवा पडला, की त्या गडद पट्ट्यावर एकेक कण ठिणगीसारखा उठतो. असा एक फोटो मिळाला तरी सकाळ सार्थकी लागली असं मी मानते. चेहरा सावलीत जातो, तेव्हा दीड-दोन स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पाठीमागे भरती चढत नाही ना, तेही बघा.

प्रश्न : झूम फिरवताना करकर आवाज येतोय. काय करू?

सर्वांत आधी फिरवणं थांबवा. लेन्स खाली तोंड करून धरा आणि रबरी ब्लोअरने सांध्यांतली वाळू उडवा. रुमाल, टी-शर्ट, ओढणी काहीही काचेवर फिरवू नका. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं, एका पुसण्यात ओरखडा उमटतो. करकर राहिलीच तर सर्व्हिसिंगला द्या. मी एकदा घाईत वाळूवरच लेन्स बदलली आणि सेन्सरवर बसलेले डाग पुढचा महिनाभर प्रत्येक फोटोतल्या आभाळात दिसत राहिले. तेव्हापासून लेन्स घरूनच लावून निघते.

वाळूइतकंच खारं वारंही वाईट. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याची बॉडी पुसा. मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, म्हणून सामान ड्राय बॉक्समध्ये, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा.

प्रश्न : दुपारी लांबून काढलेले फोटो शटर वेगवान ठेवूनही धूसर येतात.

तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि टेलीफोटोमधून (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्समधून) खेळाडूपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितकी कड विरघळते. कुठलंही सेटिंग यावर चालत नाही. कमी झूमची लेन्स लावा आणि साइडलाइनजवळ जा, किंवा ऊन उतरेपर्यंत थांबा.