दादीचा मुसल्ला आणि जिन्यातला ब्राउनी

नेरुळहून एका सूनबाईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याच्या वळणावर एक भटका कुत्रा झोपतो. त्यांच्या ९ वर्षांच्या मुलाने त्याचं नाव ब्राउनी ठेवलंय, शाळेतून आला की आधी त्याला बिस्किट आणि मग घर. सासूबाई श्रीवर्धनहून राहायला आल्यात. परवा मुलगा ब्राउनीने चाटलेले ओले हात घेऊन तसाच येऊन दादीच्या मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजच्या चटईवर, बसला, दादी ओरडल्या, मग कुंडीतली माती घेऊन सात पाण्यांनी मुसल्ला धुतला आणि गॅलरीत एकट्याच रडत बसल्या. मुलाने विचारलं, "दादी, अल्लाहला कुत्रे आवडत नाहीत का?" त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी कुत्र्याची तक्रार टाकली तर शेजारीण या सूनबाईंनाच म्हणाली, "तुम्हीच टाकली असेल ना, तुमच्यात चालत नाही ना कुत्रा." पत्रात शेवटी लिहिलंय, "ताई, आम्ही तक्रार केलीच नव्हती. आता मुलाला थांबवू की सासूबाईंना समजावू?"

अगं, दोघांपैकी कोणालाच नको. तुझं पत्र वाचून मला आधी सासूबाईच डोळ्यासमोर आल्या, या वयात जड झालेला ओला मुसल्ला सात वेळा पिळायचा म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यांनी कुत्र्याला दगड मारला नाही, पोराला फटका दिला नाही, त्यांना फक्त नमाजची जागा पाक हवी होती.

मी काही आलिम, म्हणजे धर्माची जाणकार, नाही, पण ठाण्याच्या राबोडीत वाढले, शेजारपाजार सगळा मुसलमानांचा, त्यामुळे जे माहितीय ते सांगते, बाकी तुमच्या मशिदीतल्या मौलानांना विचार. आपल्याकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि त्या मजहबात, म्हणजे धर्मनियमांच्या त्या परंपरेत, कुत्रा ओला लागला तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं. हनफी या दुसऱ्या मजहबात मुख्य अडचण लाळेची असते, आणि मालिकी लोक तर जिवंत कुत्र्याला नापाक मानतच नाहीत. म्हणजे एकाच धर्मात मोठमोठ्या विद्वानांची तीन मतं आहेत, त्यामुळे "तुमच्यात चालत नाही" हे वाक्य मुळातच अर्धवट आहे. आणि शाफईंमध्येही कोरडा हात कोरड्या अंगाला लागला तर काही धुवायची गरज नसते, हे तुझ्या सासूबाईंना नक्की माहिती असणार.

घरात कुत्रा असेल तर रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे तू लहानपणापासून ऐकलं असशीलच, ती हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहेच, म्हणून ब्राउनीला घरात आणू नका, तो विषयच नको. पण शिकारीसाठी, गुराढोरांसाठी, शेतीच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायची मुभा त्याच परंपरेत आहे, शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार हलाल आहे हे कुराणातच आहे, आणि अरबस्तानातले बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, सलुकी नावाच्या शिकारी कुत्र्याला थेट तंबूत झोपवत आलेत.

आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तर दादीकडेच आहे गं. कुराणातली सूरह कहफ दादी जुम्म्याला वाचत असतील बघ. त्यातले गुहेत झोपलेले ते तरुण, आणि उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा. ते किती जण होते यावर लोक वाद घालतात, तीन, पाच की सात, तर प्रत्येक वेळी "आणि त्यांचा कुत्रा" असं मोजलंय, त्याला एकदाही वगळलेलं नाही. दुसरी गोष्ट विहिरीची. तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा बघून एक माणूस परत विहिरीत उतरला, पायातल्या चामडी मोज्यात पाणी भरलं, तो मोजा दातात धरून वर चढला आणि कुत्र्याला पाजलं, अल्लाहने त्याचे गुन्हे माफ केले. ही बुखारी या हदीसच्या संग्रहातली गोष्ट आहे. दादीला म्हण की आज रात्री नातवाला या दोन गोष्टी तुम्हीच सांगा. तू नको सांगूस, त्यांनीच सांगायला हव्यात, परवापासून त्या पोराच्या नजरेत फक्त ओरडणारी दादी उरलीय म्हणून.

शेजारणीचं म्हणशील तर तिला शांतपणे सांग की तक्रार आमची नाही. जमलं तर हेही विचार की तिच्या आजीच्या सोवळ्यात कुत्रा चालायचा का. माझ्या आजीच्या नाही चालायचा, धुतलेल्या लुगड्याला कुत्रा नुसता घासून गेला तरी आजी परत अंघोळ करायची, आणि हीच आजी आम्हाला नामदेवांची गोष्ट सांगायची, कुत्र्याने भाकर पळवली तर कोरडी कशी खाशील म्हणत तुपाची वाटी घेऊन मागे धावले ती. दत्ताच्या फोटोतल्या कुत्र्यांना हात जोडायची आणि दारातल्याला हाड म्हणायची. तिला कोणी कधी विचारलं नाही की "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना". तुला विचारलं याचा मला खरंच राग आला.

राबोडीत आमच्या समोरच्या खाला रोज दुपारी माशाचे काटे-डोकी जुन्या पेपरवर घेऊन गटाराजवळ ठेवायच्या. एका हाताने ओढणी आवळून धरलेली, कुत्रा शेपटी हलवत जवळ आला की दोन पावलं मागे, "खा बेटा खा", आणि मग नळावर हात धुऊन आत. उंबऱ्याच्या आत कुत्रा कधी आला नाही आणि त्यांच्या दारातून उपाशी कधी गेला नाही.

तुमच्याकडे पण असंच बसवून घ्या ना. दाराबाहेर बादली, मग, साबण, ब्राउनीला भेटायचे कपडे वेगळे, आल्यावर धुवायचं काम मुलाचं, आणि कसं धुवायचं ते दादीने शिकवायचं. खायला जिन्यात घालू नका, २०२३ च्या एबीसी नियमांमध्येच (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे सरकारी नियम) आहे की खाऊ घालायची जागा जिना, येण्याजाण्याची वाट आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी आणि ती सोसायटीने ठरवून द्यायची, कमिटीला हा नियम दाखव. ब्राउनीची नसबंदी आणि रेबीजची लस झालीय का बघ, महापालिकेत विचार. मुलाला चावला किंवा ओरखडलं तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, उद्या बघू असं करायचं नाही.

आणि खाली पाणी ठेवणार असाल तर मातीचं भांडं घे, प्लास्टिकचं उन्हात फार तापतं. दादीला सोबत ने घ्यायला.